एकशे पंधराव्या नळीचं कूळ

"काका, ही एकशे पंधरा नंबरची नळी चुकून दुसरीकडून आलीय का हो? चिठ्ठी तर तुमच्याच हातची दिसतेय."

मॅडमनी टेबलावर पसरलेला मोठा कागद नळीकाकांकडे सरकवला. त्यावर झाडासारखं काहीतरी छापलं होतं. फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला एकेक आकडा. नळीकाकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

पशुरोगाच्या त्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्यांची चौतीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला एकवीस दिवस उरले होते. मेलेल्या जनावराच्या कानातून रक्त आणायचं, जंतू वाढवायचे, नळीत भरून वर चिठ्ठी डकवायची, हे त्यांचं काम. बाकीच्या ठिकाणी जुन्या नळ्या केव्हाच फेकल्या गेल्या होत्या. यांनी मात्र दोनशे बारा नळ्या पोटच्या पोरांसारख्या जपल्या. देशभरातल्या फाशीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, जंतूंची कुळं शोधायला मोठ्या संस्थेतून आलेल्या या मॅडमनी ते कपाट उघडलं, तेव्हा त्या आनंदाने चक्क ओरडल्याच होत्या.

"चूक नाही मॅडम. माझ्या चिठ्ठीत चूक नसते," काका म्हणाले. "का, काय झालं?"

"अहो, हा जंतू म्हणजे महाहट्टी. वर्षानुवर्षं मातीत झोपून राहतो, बदलायचं नाव घेत नाही. त्यामुळे देशातले सगळे दिसायला जुळ्या भावांसारखे. सूक्ष्मदर्शकाखाली कुणाच्या बापालाही फरक कळायचा नाही. फरक असतो तो आत, जनुकांत, तोही चिमूटभर. पण त्या चिमटीवरून कूळ सांगता येतं. आता हे बघा. एकशे तेरा, बैल. एकशे चौदा, माणसाच्या दंडावरची काळपुळी. दोघं एकाच डहाळीवर. तुमच्याकडच्या जुन्या नळ्याही त्यांच्याच शेजारी. म्हणजे इथल्याच मातीतले. आणि एकशे पंधरा कुठे बसलाय? पार त्या टोकाला! हे कूळ देशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सापडतं. आपल्याकडे दुसरं एकही नाही."

"ती कातड्याची नळी आहे," काका सावकाश म्हणाले. "बाहेरून आलेल्या कातड्याची. गोदामातली."

"हात्तिच्या! मग जुळलं की सगळं!" मॅडमनी टाळी वाजवली. "म्हणजे कातड्यांतून आला खरा, पण गोदामातच बसून राहिला. ना बैलांना लागला, ना त्या माणसाला. त्यांना मारलं ते इथल्या मातीने. वा काका, तुमच्या एका चिठ्ठीने केवढं काम केलं!"

"मॅडम, पाणी आहे का हो जवळ?" काकांनी विचारलं.

सव्वीस वर्षांपूर्वी ओढ्याकाठी चरणारे अकरा बैल तीन दिवसांत पटापट पडले. चौथ्या दिवशी त्यांच्या गुराख्याच्या दंडावर काळी खपली धरली आणि आठव्या दिवशी तो गेला. बैल राखून उरलेल्या वेळात तो हमाली करायचा, नळीकाकांच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या कातड्यांच्या गोदामात. लोकांची बोटं वळायला वेळ लागला नाही. डॉक्टर रजेवर होते. बैलाची, हमालाची आणि कातड्याची, तिन्ही काचपट्ट्या काकांनीच पाहिल्या. तिन्हींत बांबूच्या पेरांसारख्या त्याच निळ्या कांड्या. अहवालात 'रोगाचा उगम' असा एक रकाना होता. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "तो रिकामा ठेव. एवढ्यावरून सांगता येत नाही."

पण रिकामा ठेवला तर लोक काय म्हणतील? भावाला पाठीशी घातलं म्हणतील! देवाने माणसाला अहंकार दिला तो दर वेळी शिंगं लावून नाही दिला. कधी तो सचोटीचा स्वच्छ धुतलेला सदरा घालून येतो, आणि माणूस त्यालाच हात जोडतो. काकांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'गोदामातील कातडी'. खाली भावाचं नाव, पत्ता.

दुसऱ्या दिवशी लोकांनी गोदाम जाळलं. वहिनीने त्या धसक्याने जे अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. दादाने पुढे जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात चपलांना टाके घातले. आणि काकांना कचेरीत प्रशस्तिपत्र मिळालं. "सख्ख्या भावालाही सोडलं नाही हो!" हे वाक्य सव्वीस वर्षं लोक त्यांच्याविषयी कौतुकाने बोलत आले. खरं सांगायचं तर काका त्या वाक्यावरच जगत आले होते.

"मॅडम, हे मला कागदावर लिहून द्याल? नावानिशी?"

"शोधनिबंधात नावं नसतात काका, नुसते आकडे. पण पत्र देते की. तुम्हाला नाही म्हणेन का!"

पत्र घेऊन काका दुपारीच भावाच्या खोलीवर गेले. दोन जिने चढताना छाती भात्यासारखी झाली. दार उघडंच होतं. दादा जमिनीवर बसून चप्पल शिवत होता. केस पांढरे झाले होते, पाठीला पोक आलं होतं. त्याने मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"काय रे धाकट्या? रस्ता चुकलास?"

"दादा, चूक झाली. माझी चूक." काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कूळ, फांद्या, एकशे पंधरा, सगळं. पत्र पुढे केलं. "तुझ्या कातड्यांनी कुणी मेलं नाही. मातीतच होतं ते. वाटल्यास मी साहेबांपुढे जातो, चारचौघांत सांगतो."

दादाने पत्र दोनदा वाचलं. टाका अर्धवट राहिलेली चप्पल मांडीवरून खाली ठेवली.

"मातीत होतं," तो म्हणाला. "छान. म्हणजे कुणाचाच दोष नाही. आता जा, माती जाळा म्हणावं त्यांना."

"दादा..."

"हळू बोल. आत ती बसलीय."

काकांना समजेना. "ती कोण?"

"हमालाची बायको. तो गेला त्याच्या दुसऱ्या महिन्यात दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, माझा माणूस खाल्लास, आता मला सांभाळ. बरोबरच होतं तिचं. सांभाळली. पहिली पाच वर्षं नुसत्या शिव्या घालायची, समोर ठेवलेलं ताट भिरकावून द्यायची. मग एक दिवस मला 'दादा' म्हणाली. आता डोळे गेलेत, पण माझं पाऊल ओळखते." दादाने पत्राची घडी केली, बोटाने दाबून बारीक केली. "सव्वीस वर्षं फेडतोय मी, धाकट्या. तू लिहिलंस म्हणून फेडतोय. आणि आज सांगतोस, तुझं देणं नव्हतंच. मग ही कुणाच्या घरात राहिली? मी कोण तिचा?"

"पण तू निर्दोष आहेस हे लोकांना..."

"लोकांना कशाला? तुला झोप लागावी म्हणून सांगायचंय ना?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. दादाने पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खोचलं. "ठेव तुझ्याकडेच. जपून ठेवायची सवय आहे तुला."

आतून हाक आली. "दादा, कोण आलंय रे?"

"कुणी नाही, ताई. प्रयोगशाळेतला माणूस आहे. नमुने मागतोय."

"आता कसले मेल्याचे नमुने? द्यायला काय उरलंय आपल्याकडे?"

"तेच सांगतोय त्याला."

"आणि माझे डोळ्यांतले थेंब राहिले. आठवण केली नाही की विसरतोस."

"आलो, आलो. तू काही विसरू देत नाहीस."

फळीवरची इवलीशी बाटली काढून दादाने ती तळव्यात चोळली आणि पडदा सारून आत गेला. खाटेवरच्या म्हातारीने त्याची चाहूल लागताच आपणहून चेहरा वर केला. दादाने डाव्या हाताने तिची हनुवटी धरली. टोच्याने, दोऱ्याने काळवंडलेली ती बोटं अजिबात थरथरत नव्हती.

"हलू नकोस. काल गालावर सांडलं होतं."

"तू नीट धर म्हणजे झालं."

ती दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून थांबून राहिली. नळीकाकांनी बाहेर येऊन दार आवाज न करता ओढून घेतलं.