वजनांचा कोट

गोदामात पोती तोलण्यात माझी हयात गेली आणि एक दिवस माझंच वजन गेलं. सकाळी बूट घालता घालता मी अलगद वर गेलो आणि छताला टेकलो. आईने किंचाळायच्या आधी खिडकी लावली. "शेजारचे बघतील," म्हणाली. मी पडेन, मला लागेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गोदामाच्या मालकांनी आठवडाभर चालवून घेतलं. मग म्हणाले, "तसं माझं काही नाही हो, पण गिऱ्हाइकं बिचकतात."

बायकोने माझ्या कोटाच्या अस्तरात लोखंडी वजनं शिवली. तो कोट घालून मला चालता यायचं, पण मी खडखडायचो. म्हणून कुणी घरी आलं की माझी रवानगी माळ्यावर, बाहेरून कडी. "तुझ्याच भल्यासाठी," आई म्हणायची. माझ्या भल्याचा एवढा ध्यास या घराने पूर्वी कधी घेतला नव्हता!

रविवारी धाकट्या बहिणीचं लग्न ठरवायला मंडळी येणार होती. तिला मी खांद्यावर बसवून वाढवलेलं. मला फक्त भाऊ म्हणून तिच्या शेजारी बसायचं होतं. खूप विनवण्या केल्या, पण कुणी दाद दिली नाही.

आंघोळीला मी नळाला दोरी बांधून बसायचो. त्या सकाळी दोरी सोडली आणि वर गेलोच नाही. पाय थंडगार फरशीवर, घट्ट. कसाबसा लेंगा-बनियन चढवून मी स्वयंपाकघरात धावलो. आनंदाने रडू फुटत होतं.

"बघा, बघा! मी खाली आहे!"

आईच्या हातातली वाटी पडली. "कोट कुठंय? आधी ती खिडकी लावा!" धाकटीने येऊन माझ्या पायांना मिठी घातली. बायकोने मागून खांदे दाबून धरले.

"अरे, मी उडत नाहीये. सोडून तर बघा!"

"आजचा दिवस तरी नको रे दादा," धाकटी डोळे गच्च मिटून म्हणाली.

कुणीही सोडून बघितलं नाही. मला कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि शिडीवर ढकललं. माझा आणि कोटाचा भार एकदम पडला, तशी शिडीची एक पायरी कडकन मोडली. मी आशेने खाली पाहिलं.

"शिडी जुनी झालीय," बायको म्हणाली आणि मला आत लोटून तिने कडी घातली.