मालतीच्या तंतुकणिका

तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर, हे वाक्य प्रभाकर नेरूरकर सरांनी सिल्वासाच्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. निवृत्त झाल्यावर फळा गेला, पोरं गेली, आणि शिकवायला एकटी बायको उरली. मालतीबाईंची त्यातून सुटका नव्हती.

"चाललीस तर तंतुकणिका वाढतात," सर रोज सकाळी मैदानावर सांगायचे. "बसून राहिलीस तर झिजतात. म्हातारपण म्हणजे दुसरं काय? पेशीतल्या चुली एकेक करून विझत जाणं."

"विझू देत. स्वयंपाकघरातली एक आहे तेवढी मला पुरे," मालती म्हणायची, पण बूट घालून निघायची. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचे नाना नाद पोसले होते, त्यात हा आणखी एक.

शाळेत विज्ञानाबरोबर कवायतही सरांच्याच गळ्यात होती, आणि तिथे त्यांचा एक नियम असे. धावताना जो शेवटी येईल त्याला एक फेरी जास्त. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की मालती मागे पडू लागली तशी त्यांच्या तोंडून आपसूक आरोळी निघाली, "मालतीबाई, एक फेरी जास्त!"

पहिल्यांदा ती खळखळून हसली. पुढे हसू कमी झालं. पाऊण फेरीतच तिच्या मांड्या भरून येत, केस विंचरताना हात खाली पडे, भाकरी चावता चावता जबडा दमे. सर म्हणत, "कंटाळा गं, दुसरं काय!" माणूस प्रेमळ खरा, पण प्रेमळ माणसाला दिसतंच असं थोडंच आहे?

एका सकाळी मालती मैदानाच्या मधोमध बसली ती उठेचना. समोरच्या खोलीतली प्रमिला राखोलीच्या सूत कारखान्यातून रात्रपाळी करून परतत होती. शिरपूरकडची बाई, तोंडाने फटकळ. तिने मालतीला बगलेत धरून उठवलं आणि सरांकडे वळली.

"गुरुजी, काकूंचे डोळे बघितले का कधी? अर्धे झाकेल आहेत. आमच्या मशीनला करंट कमी आला ना, तर स्पीड वाढवून काय फायदा? धागाच तुटतो. हॉस्पिटलला न्या, टाइम नका घालवू."

सरांनी रोज बघितलेला चेहरा त्या दिवशी नीट बघितला. पापण्या खरंच लोंबत होत्या. बाजूला बघायचं तर मालती डोळे फिरवत नव्हती, अख्खी मान फिरवत होती. हे कधीपासून? सरांना सांगता आलं नाही, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

वापीहून गाडी धरून मुंबईच्या चार चकरा झाल्या. रक्त तपासून झालं, मग तपासणीसाठी मांडीतला मांसाचा तुकडा काढून झाला. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तंतुकणिकांचा आजार आहे." तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची सरांची ही पहिलीच वेळ.

वयाबरोबर सगळ्यांच्याच तंतुकणिका थकतात, बाई सांगत होत्या, पण यांच्यातल्या बऱ्याच जन्मापासून अधू आहेत. मुळापासून बरं करणारं औषध नाही, सांभाळून मात्र राहता येतं. चालावं, पण दमलं की बसावं.

"मी तिला जास्तीच्या फेऱ्या मारायला लावल्या," सरांनी एखाद्या पोरासारखं कबूल केलं.

"आता नका लावू," डॉक्टरीणबाई हळुवारपणे म्हणाल्या. "आणखी एक. हा दोष आईकडून मुलांत उतरतो. मुलगी आहे ना तुम्हाला? तिला सांगा. तिचं हृदय, साखर तपासायला हवी, काही औषधं तिला चालणार नाहीत. तिला मूल हवं असेल तर त्याआधी बोलायला हवं."

मुलगी म्हणजे मृणाल, नाशिकला दिलेली. यंदा मुलाचा विचार करतोय असं तिने दिवाळीतच लाजत सांगितलं होतं.

घरी आल्या आल्या मालतीने बजावलं, "तिला एक अक्षर कळता कामा नये."

"अगं, पण तिच्या जिवाचा प्रश्न..."

"तुम्ही तिला उंची दिलीत, गणिताचं डोकं दिलंत. आणि मी काय दिलं? हे!" ती तोंडाला पदर लावून रडू लागली.

सर तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "मालती, पोरगी पहिलं पाऊल टाकून माझ्याकडे आली, ते तुझ्या जोरावर. नाचली, पोहली, माझ्याशी कडाकडा भांडली, तेही. तंतुकणिका फक्त आईकडूनच येतात, त्या ऊर्जेत माझा कणभर वाटा नाही. असतील अधू, पण तीस वर्षं त्याच राबल्यात ना? तू तिला जे होतं ते सगळं दिलंस."

मालतीने डोळे पुसले. "शिकवताय की समजूत घालताय?"

"माफी मागतोय," सर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालतीने स्वतःच लेकीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. आडवळण न घेता सगळं सांगून टाकलं, शेवटी म्हणाली, "माझ्यामुळे झालंय गं, रागव हवं तर."

मृणाल म्हणाली, "आई, दोन वर्षं झाली, मला एक जिना धड चढता येत नाही. इथे सगळे मला अंगचोर म्हणतात. मलाही तसंच वाटायला लागलं होतं." तिने विचारलं, "म्हणजे मी अंगचोर नाहीये?"

"नाही गं माझ्या राणी."

पलीकडे रडण्याचा बांध फुटला. सरांनी फोनसाठी हात पुढे केला, मालतीने तो दिला नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून ती लेकीला म्हणाली, "उभी असशील तर आधी खाली बस, बाळा. मी आहे फोनवर."