समोरची अक्षरं

चष्मेवाल्याचं दुकान म्हणजे दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. आत गिऱ्हाईक शिरलं की मालकाने बाहेर यायचं. मग डोळे तपासायला लागतं तेवढं अंतर आणायचं कुठून? हा पठ्ठ्या गिऱ्हाइकाला दारात खुर्ची द्यायचा आणि रस्त्यापलीकडची जुनी दगडी इमारत वाचायला लावायचा. वर मोठ्या अक्षरांत कापड मंडळीचं नाव, खाली मध्यम अक्षरांत साल आणि सज्जाखाली बारीक कोरलेलं गवंड्याचं नाव. गवंडी वाचता आला की चष्मा नको, घरी जा.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्याची बायको लग्नाआधी शर्टांची काजं करायला बसायची. ओळख झाली ती याच खुर्चीवर. तिने गवंडी घडाघडा वाचला, तरी याने दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला बोलावलंच.

पुढे बाजारात टूम निघाली. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, तेव्हा समोरची इमारत पाडा आणि पार्किंग करा. जोडेवाला मेव्हणा सह्या गोळा करत फिरला. बायकोने नवऱ्याला बजावलं, की त्या इमारतीतली पायी येणारी माणसंच आपलं गिऱ्हाईक, गाडीवाला इथे उतरतोय कशाला? पण चार दुकानदारांच्या भिडेला पडून याने सही ठोकली. भीड भिकेची बहीण, दुसरं काय.

इमारत गेली. बायको भांडली नाही, फक्त दुकानात यायची बंद झाली. घरी वाढायची, बोलायची, पण दुकानाचा विषय निघाला की उठून जायची. हे त्याला फार लागायचं. तिने एकदा येऊन त्या खुर्चीवर बसावं, एवढंच त्याला हवं होतं.

पार्किंग मात्र जोरात चाललं. माणसं गाड्या लावायची आणि मागच्या मोठ्या दुकानांत जायची. याने पलीकडच्या खांबावर अक्षरांचा तक्ता टांगला, तर रोज कुणीतरी धिप्पाड गाडी नेमकी त्याच्या आड उभी करायचं. मेव्हणा म्हणाला, मग गाड्यांचे नंबर वाचून घे. घ्या! जखमेवर मीठ चोळायला नातेवाईकच लागतात.

एके दिवशी बायकोचा जवळचं वाचायचा चष्मा पडून फुटला आणि नाइलाजाने ती दारात आली. खुर्चीवर बसली. त्याने भिंग चढवलं आणि सवयीने बोलून गेला, "वाच."

तिने समोर पाहून वाचलं. मंडळीचं नाव, साल, गवंडी, कुठे अडखळणं नाही. भिंग बदललं, तरी तेच. काढून घेतलं, तरी तेच. गवंड्याच्या नावातलं झिजलेलं शेवटचं अक्षरही तिने सोडलं नाही. त्याला भडभडून आलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"ते मला तेव्हाच दिसलं होतं, चष्म्याशिवाय," ती म्हणाली. "आता नंबर काढा."

त्याने डोळे पुसले आणि अखेर मेव्हण्याचंच ऐकलं. समोरच्या गाडीचा नंबर वाच म्हणाला. ती बराच वेळ बघत राहिली.

"कुठली गाडी?"

गाडी दाराला खेटून उभी होती. आजवर ती बघून वाचत होती की पाठ म्हणत होती, देव जाणे. आणि रोज याच गाड्यांमधून ती एकटी भाजी आणायला जात होती. त्याने दुकान तसंच उघडं टाकलं, तिचा हात घट्ट धरला आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाला.