विहिरीवरच्या खोलीतली हडळ

पुण्याच्या दवाखान्यातून सुटल्यावर सुप्रिया स्वतःच्या घरात गेलीच नाही. रणजितने, तिच्या नवऱ्याने, गाडी अंगणात न थांबवता उसाच्या बांधाने सरळ विहिरीवरच्या खोलीपाशी नेली. डाळजच्या त्या शेतातल्या खोलीत आजवर खताची पोती आणि मोटारीचा स्टार्टर राहत होता. आता घरची सून राहणार होती.

गळ्यातली कर्करोगाची गाठ काढून झाली होती. मागे एखादी पेशी चुकून राहिली असेल तर ती जाळायला डॉक्टरांनी आयोडीनची गोळी दिली होती. आयोडीन आपल्या मिठात असतं तेच, फक्त याच्या अणूच्या गाभ्यात चार न्यूट्रॉन जास्त. तेवढ्यानं त्याला स्वस्थता नसते. गाभा मोडतो आणि मोडताना किरणं फेकतो. गळ्यातल्या पेशींना साधं कोणतं आणि हे कोणतं, काही कळत नाही. आयोडीन दिसलं की त्या गिळतात आणि आतून जळतात. पण थोडी किरणं अंगाबाहेरही पडतात. म्हणून लहान मुलांपासून तीन आठवडे लांब राहायचं. दर आठ दिवसांनी त्यातलं निम्मं मोडून जातं, मग निम्म्याचं निम्मं. "मग संपतं कधी?" तिने विचारलं होतं. धोका लवकर संपतो, डॉक्टर हसून म्हणाले होते, निम्म्याचं निम्मं मात्र चालूच राहतं. ते हसणं काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना.

सासू प्रयागबाई रोज विहिरीच्या कठड्यावर ताट ठेवायची आणि लांब लिंबाखाली जाऊन उभी राहायची. सून ताट उचलेपर्यंत हलायची नाही. माया होती त्यात, नाही कोण म्हणतं? पण एके सकाळी सुप्रियाला उठायला उशीर झाला आणि कावळ्याने भाकरीला चोच लावली. प्रयागबाईचे हात आपसूक जोडले गेले, दहाव्याला नदीवर जोडतात तसे. दारात आलेल्या सुप्रियाने ते पाहिलं. आपण कधीच मेलोय आणि कुणी आपल्याला सांगितलेलं नाही, असं तिला वाटलं.

तिची संस्कृती चार वर्षांची. सुरुवातीला पोर सारखी खोलीकडे पळत सुटायची. धरून धरून आजीचा जीव मेटाकुटीला आला. मग एकदम ती यायचीच बंद झाली. काय झालं म्हणून सुप्रियाने विचारलं, तेव्हा प्रयागबाईने लिंबाखालूनच सांगून टाकलं.

"खोलीत हडळ हाय म्हनलं. तिनं मम्मीला धरलंय, जवळ गेलीस तर तुला बी धरंल."

सुप्रिया संतापली. पोराच्या मनात असलं काही भरवतात का, असं बरंच बोलली. प्रयागबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मग काय सांगू? तुझ्या आईच्या अंगातनं न दिसनारी किरनं निघत्यात, आसं सांगू? तुला तरी खरं वाटतंय का?"

त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर सुप्रियाने स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. काहीच दिसत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

दुसरा आठवडा लागला. भर दुपारी आजीचा डोळा लागलेला बघून संस्कृती एकटीच लिंबाखाली येऊन उभी राहिली. सुप्रिया दारात होती, गाऊन घातलेली, केस मोकळे. पोरीने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या पाठीमागच्या अंधाराकडे बघत ती म्हणाली,

"हडळी, माझ्या मम्मीला कधी सोडनार?"

अगं, मीच तुझी मम्मी, हे शब्द सुप्रियाच्या ओठांपर्यंत आले. पण ते बोलली असती तर पोर धावतच आली असती. तिने ते गिळले.

"अर्धी सोडलीय," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

संस्कृतीने जरा विचार केला. मग दोन्ही हात पुढे करून ती सरळ चालू लागली.

"मग तेवढी दे की."

सुप्रियाचे हात उचलले गेले. त्याच हातांनी तिने दार ओढलं, आतून कडी घातली आणि पार पलीकडच्या भिंतीशी, पोत्यांमागे जाऊन रणजितला फोन लावला. दारावर इवल्या मुठी आपटत होत्या. पोर हडळीला येतील तेवढ्या शिव्या देत होती. आई तोंडात ओढणी कोंबून त्या ऐकत होती.

मग मुठी थांबल्या. दाराला टेकून कुणी बसल्याचा आवाज आला.

"मम्मी, तू भिऊ नको. मी हितंच बसते."