पिवळा बिल्ला

त्या राजधानीतल्या राजवाड्याचा संगमरवरी जिना पाहायला म्हणे अर्धं जग येतं. सुनेने त्याच राजवाड्यातली धुण्याची खोली पाहिली, पाय मोडलेल्या सोनेरी खुर्च्यांची अडगळ पाहिली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीशी उभी केलेली एक दगडी राणी पाहिली. बाकीचं घर जिन्याने गेलं. ही सासऱ्यांची चाकाची खुर्ची ढकलत मागच्या लिफ्टने गेली.

तिला सून म्हणायचं ते आपल्या सोयीसाठी. त्या घरात तिला अजून तसं कुणी म्हटलं नव्हतं. मुलाने रजिस्टर लग्न केलं तेव्हा सासरे, म्हणजे निवृत्त प्राचार्य, म्हणाले होते की आमच्या घरी पत्रिका आली नाही, त्यामुळे लग्न झाल्याचं आम्हाला माहीत नाही. आणि खरोखरच पुढची काही वर्षं त्यांना माहीत नव्हतं. मग न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि आपली बायको फिजिओथेरपिस्ट आहे हे मुलाला अचानक आठवलं.

ती रोज दवाखान्यात जाण्याआधी सासरी जाऊ लागली. सासूबाई दार उघडून 'आली' एवढंच आत सांगत. कोण आली ते सांगत नसत. प्राचार्य तिला 'मॅडम' म्हणत. चेष्टेत म्हणत, असं तिने मनाला समजावलं होतं. पलंगावरून वॉकर, वॉकरवरून काठी, काठीवरून सोसायटीचा जिना. जिन्याचा नियम तिने त्यांच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला: चढताना आधी धडका पाय, उतरताना आधी दुखरा. एकदा पहिल्या मजल्यावर धापा टाकत ते म्हणाले होते, "मॅडम, मला एखादा मोठा जिना चढवा. वर पोचलो की चारचौघांत सून म्हणेन तुम्हाला."

हे वाक्य ते विसरले असतील. तिने जपून ठेवलं होतं.

म्हणून सगळं घर परदेशी निघालं आणि नवरा म्हणाला, "तूही चल, बाबांची इच्छा आहे," तेव्हा तिला वाटलं, झालं एकदाचं. तिने नवे कपडे शिवले. कार्यक्रम पाहिला तर शेवटच्या दिवशी संसद भवन, आणि चित्रात त्याच्यापुढे मैदानाएवढा रुंद जिना. तिने प्राचार्यांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, "बघू या."

पहिल्याच दिवशी घोळ झाला. राजवाड्यापुढे ही लांब रांग, वर ऊन. नणंदेला दारापाशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चाकाच्या खुर्च्या दिसल्या आणि तिचे डोळे चमकले. बाबांना खुर्चीत बसवताच दोरी वर झाली आणि अख्खं घर रांगेच्या नाकावर टिच्चून आत गेलं. सासूबाई म्हणाल्या, केवढी माणुसकी आहे या लोकांत. फक्त लिफ्ट अरुंद होती, तीत खुर्ची आणि एकच माणूस मावे. दारावरच्या बाईने विचारलं, यांच्यासोबत कोण? नवऱ्याने सफाईदार इंग्रजीत सांगितलं, ही यांची मदतनीस. बाईने सुनेच्या नव्या कुर्त्यावर पिवळा बिल्ला चिकटवला.

रात्री तिने विषय काढला, तर तो म्हणाला, "अगं, तिथे नातं काय सांगत बसायचं? मागे लोक खोळंबतात. तेवढ्यापुरतं असतं ते."

तेवढ्यापुरतं रोज होऊ लागलं. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलचीच खुर्ची सोबत निघाली, आणि कुर्ता बदलला तरी त्यावर पिवळा बिल्ला रोज येई. संग्रहालय, मनोरा, चित्रांचं दालन, सगळीकडे घर पुढच्या दाराने आणि सून मागच्या. राजधानीतल्या कचऱ्याच्या पेट्या कुठे ठेवतात, पहारेकरी डबे कुठे खातात, हे तिच्याइतकं कुठल्याही प्रवाशाला माहीत नसेल. तिला खरा त्रास वेगळाच होता. सकाळी नाश्त्याला फळांच्या टेबलापर्यंत तीन चकरा मारणारा माणूस दहा वाजता खुर्चीत बसला की पाय दुसऱ्याचे असल्यासारखे सोडून देई. मांडी सैल पडत चालली होती, ते तिला हात न लावता कळत होतं. थोडं चालवू या, असं ती म्हणाली, तर सासूबाईंनी कपाळाला आठी घातली. आम्ही फिरायला आलोय, व्यायामाला नाही. नणंद हसत म्हणाली की सुट्टीतसुद्धा दुकान उघडंच का? नवऱ्याने डोळ्यांनीच तिला गप्प बसवलं. या विद्येत तो मुळात कच्चा होता, पण सहलीत त्याची चांगली प्रगती झाली.

शेवटच्या दिवशी तिने पहाटेच प्राचार्यांच्या पायांना व्यायाम दिला. आज जिना, असं ती म्हणाली. "आठवण आहे मला," ते म्हणाले. ती त्यावर दिवसभर जगली असती.

संसद भवनापुढे खुर्ची थांबली. जिना चित्रातल्यापेक्षा मोठा होता. तिने ब्रेक लावला, पायठेवण्या बाजूला केल्या आणि हात पुढे केला. तेवढ्यात नणंद म्हणाली, "बाबा, माझ्याबरोबर चढा ना. दादा व्हिडिओ काढेल." प्राचार्य उठले. हात लेकीच्या खांद्यावर ठेवला. सुनेला म्हणाले, "मॅडम, तुम्ही खुर्चीपाशी थांबा. परका मुलूख आहे, कुणी उचलून नेईल."

ती थांबली. ते चढले. धडका पाय, मग दुखरा. धडका, मग दुखरा. एकही पायरी चुकली नाही. खाली तिचेही पाय जागच्या जागी दाबले जात होते. वर पोचल्यावर दोन-चार अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. नणंदेचा आवाज खणखणीत, खालपर्यंत आला: हवापालटाचा गुण बघा. सासूबाई म्हणाल्या, नवे बूट, दुसरं काय. मग प्राचार्यांनी मोबाइलकडे तोंड करून दोन शब्द सांगितले. पस्तीस वर्षं वर्गात कमावलेला आवाज तो, तिला शब्दन् शब्द ऐकू आला. "हा सगळा माझ्या लेकीचा हट्ट."

पुढे काही नव्हतं. तिने वाट पाहिली, पण पुढे काही नव्हतं.

थोड्या वेळाने नवरा धावत खाली आला. म्हणाला, बाबा दमलेत, उतरायचं म्हणतात तर पाय लटपटतात, तू खुर्ची मागच्या लिफ्टने वर ने.

"वर माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"आता इथे तो विषय कशाला?"

तिने कुर्त्यावरचा पिवळा बिल्ला सोलून काढला, त्याच्या कोटावर चिकटवला आणि लहान मुलाच्या जखमेवरच्या पट्टीवरून फिरवावा तसा त्यावरून अंगठा फिरवला. "लिफ्टवाला विचारेल कोण म्हणून. मदतनीस सांग. नातं सांगत बसू नकोस, मागे लोक खोळंबतात."

तो हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. खुर्ची घेऊन निघाला तो नेमका उलट्या बाजूला. मागचं दार कुठे असतं हे शोधायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. तिने हाक मारली नाही. ती पुढच्या दाराच्या रांगेत, एका शाळेच्या सहलीच्या मागे जाऊन उभी राहिली.

रांग जिन्याला लागूनच होती. वर प्राचार्यांचा धीर सुटला होता. खुर्ची येईना, ऊन सोसवेना. त्यांनी लेकीचा खांदा धरला आणि उतरायला धडका पाय पुढे टाकला. दुखरा पाय वरच राहिला, सगळा भार घेऊन वाकत. लेक हेलकावली. सासूबाईंच्या हातातली पर्स पडली.

"आधी दुखरा!"

आवाज तोंडून निघून गेल्यावर तिला कळलं, आपण ओरडलो. सहलीतली मुलं वळून पाहू लागली. वर प्राचार्यांचा पाय थांबला, मागे गेला, आणि दुखरा पाय पुढे आला. मग धडका. दुखरा, मग धडका. शिकवल्याप्रमाणे, सावकाश, शेवटच्या पायरीपर्यंत.

खाली पोचल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची कुठे आहे, असं विचारलं. हाक कुणाची होती, ते विचारलं नाही.

रांग पुढे सरकली. ती सरकली.