संघप्रियाच्या गुडघ्याचा कोन

संघप्रियाला कुणी 'आता कसं हाय गं?' असं विचारलं की तिचं डोकंच फिरायचं. कसं असणार? मोटरसायकलवाल्यानं भर रस्त्यात उडवलं, गुडघ्यात सळई बसली, आणि उजवा पाय धड सरळ होईना की धड दुमडेना. मध्येच कुठंतरी अडून बसला. हाड जुळलं, आता काळजी नाही, असं दवाखान्यात म्हणाले. पण बाईनं बसायचं कसं, ते कुणी सांगितलं नाही.

आणि बसल्याशिवाय तिचं चालणार कसं? ब्लाऊज शिवावा तर संघप्रियानं, हे अख्ख्या राजारामपुरीला ठाऊक. बाहीला सुरकुती नाही, गळा उतरत नाही, काखेत काचत नाही. आता पायमशीनवर बसली की डावा पाय पायडलवर आणि उजवा अधांतरी लोंबायचा. जरा वेळ गेला की मांडीपासून कंबरेपर्यंत नुसती आग. उशा लावून बघितल्या, पाट लावला, तेलाचा डबा उपडा घातला. काही उपयोग झाला नाही. शेवटी एका सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, ती मशीन इकून टाका. डोळ्यासमोर नको मला."

नवरा अतुल रिक्षा चालवायचा. मुलखाचा गरीब माणूस, बायकोपुढं तर जास्तच. त्यानं एका गिऱ्हाइकाला रविवारी मशीन बघायला यायचं सांगितलं, आणि येताना मंगळवार पेठेतल्या धोंडीराम सुताराला रिक्षात घालून घरी आणलं. आता याला काय म्हणावं! बायकोचं ऐकायचंही आणि ऐकायचंही नाही, हे जमावं तर अतुललाच.

धोंडीराम म्हणजे कानावर पेन्सिल आणि गळ्यात भोंगा. जिन्यातनंच ओरडत आला, "कुठं हाय ती शिवणारीण?" संघप्रियाचं कापायचं टेबल यानंच केलेलं, त्यामुळं ती त्याला मामा म्हणायची.

"मामा, उगा आलासा. मी मशीन इकतोय."

"इक की. तुझी मशीन, तू इक. पाय तर दाव."

तिला वाटलं, आता हा टेप काढणार. पण त्यानं पिशवीतनं काढला तिरका गुण्या. साधा गुण्या काटकोन बघायला असतो, ते तिला टेबलाच्या वेळचं ठाऊक होतं. हा निराळाच. शिसवी मूठ, तिला पितळी स्क्रूनं अडकवलेलं लोखंडी पातं. स्क्रू सैल केला की पातं हवं तसं फिरायचं, आवळला की तिथंच घट्ट.

"लावू का, पोरी?" त्यानं विचारलं, आणि ती मान हलवेपर्यंत थांबला. मग मूठ तिच्या मांडीखाली टेकवली, पातं पिंढरीला लावलं, आणि स्क्रू आवळला.

"किती अंश भरला?" तिनं कडवट आवाजात विचारलं. दवाखान्यात दर खेपेला हेच तर चालायचं. अजून तीस कमी, अजून पंचवीस कमी. ते बिचारे तिच्या भल्यासाठीच मोजायचे, पण घरी येताना तिला वाटायचं, आपण म्हणजे नुसती उणी बाकी आहोत.

"मला काय ठावं? मी अंश मोजत न्हाय," धोंडीराम म्हणाला. "कोन हाय तसा न्यायचा, आणि लाकडाला सांगायचं, असा हो. लाकडानं वाकायचं. तू कशाला वाकतीस?"

संघप्रियानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांत तिचा पाय आहे तसा चालेल म्हणणारा हा पहिलाच माणूस भेटला होता.

तो जाताना तिनं खिडकीतनं बघितलं. हत्यारांची पिशवी त्यानं खुशाल रिक्षाच्या मागच्या फळीवर टाकली, पण तिरका गुण्या दोन्ही हातांत धरून, छातीशी घेऊन बसला. वर अतुलला दम, "खड्ड्यातनं घालशील तर बघ! स्क्रू हालला की सगळं मुसळ केरात."

शुक्रवारी धोंडीराम स्टूल घेऊन आला. बसायला रुंद फळी, उजव्या अंगाला पिंढरी टेकायला उतरती पट्टी, कडा अशा घासलेल्या की हात फिरवत राहावं. संघप्रिया बसली. पाय अलगद पट्टीवर विसावला. मशीन सुरू झाली आणि अतुल तर टाळ्याच पिटायला लागला. पण एक बाही निम्मी होते न होते तोच पायातनं कळ निघाली ती थेट मस्तकात. तिनं कात्री भिरकावली. "सांगितलं हुतं न्हवं? नका करू म्हणून सांगितलं हुतं!" आणि रडायलाच लागली.

दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, माझं काम चोख आहे, तुझ्या पायात खोट. धोंडीराम खाली बसला. काम पसंत पडेपर्यंत तो गुण्याचा स्क्रू कधी सोडायचा नाही, त्यामुळं तो कोन तसाच होता. ती तोंडाला पदर लावून रडत असताना त्यानं तो हळूच तिच्या पायाला लावला. पातं आणि पिंढरी यांच्यात बोट जाईल एवढी फट.

"आयला!" तो म्हणाला. "ह्यो कोन तुझा न्हाय. पोरी, त्या दिशी तू पाय ताणून धरलतास व्हय?"

संघप्रियानं तोंडावरचा पदर खाली घेतला. धरला होता. मापायला कुणी आलं की ती दात आवळून पाय होईल तेवढा सरळ करायची. दवाखान्यात 'शाब्बास' म्हणायचे ना! तीच सवय सुताराच्या हत्यारापुढंही नडली होती.

"मग, चूक माझीच," ती म्हणाली.

"तुझी कशी? माप घेणारा मी. परीक्षेला बसल्यागत बसलीवतीस, ते मला दिसाय नको? आता एक कर. ह्या माझ्या पिशवीचा बंद तुटलाय, तो शिव. घट्ट शिव, धारेच्या पटाशा हायेत आत."

"आता? ह्या पायानं?"

"व्हय, ह्याच पायानं. दुसरा कुठनं आणू?"

तिला रागातही हसू फुटलं. जुन्या स्टुलावर बसून तिनं पिशवी घेतली. जाड किंतान, त्यात तेलकट. सुई आत शिरेना. तिनं जाड सुई लावली, दोरा दुहेरी केला, हातानं चाक फिरवत एकेक टाका पुढं सरकवला. असल्या कापडाला बाई भिडली की तिला जगाचं भान राहायचं नाही. बंद दोन्हीकडनं पक्का करून तिनं दोरा तोडला आणि बघते तर धोंडीराम मशीनखालनं रांगत बाहेर येतोय, डोक्याला चिंध्या चिकटलेल्या, हातात आवळलेला गुण्या.

"घावला!" तो लहान पोरागत ओरडला. "कामात असताना पाय असा राहतोय. ह्यो खरा."

त्यानं पायाला गुण्या कधी लावला, ते तिला कळलंही नव्हतं.

रविवारी दुपारी तो तेच स्टूल पट्टी बदलून घेऊन आला. संघप्रियानं पायाला काही करायला सांगितलं नाही. ती बसली, पाय गेला तिथं गेला, आणि पट्टी त्याच्याखाली हजर होती. तिनं शेजारणीचा पडून राहिलेला ब्लाऊज काढला. एक बाही झाली, दुसरी झाली. अस्तर बसलं. धोंडीराम भिंतीला टेकून नुसता बघत होता.

केवढा माणूस हा, तिच्या मनात आलं. आपली चूक म्हणून मशीनखाली रांगला, आणि मला लाज म्हणून वाटू दिली नाही.

तेवढ्यात दाराशी गिऱ्हाईक आलं. "मशीन बघायची हुती. चालू हालतीत हाय न्हवं?"

अतुलनं बायकोकडं बघितलं. तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं, आणि डावा पाय पायडलवरनं निघत नव्हता.

"चालू हाय, पावणं," ती मान वर न करता म्हणाली. "म्हणूनच इकायची न्हाय."