फोटो चढवणारा हात

कोयनाकाठच्या गावांतून फौजेत गेलेल्या माणसांचे फोटो एका जागी असावेत, म्हणून पाटणच्या दीपमालानं संकेतस्थळ बांधलं. घरच्यांनी फोटो द्यायचा, तो लगेच जगभर दिसायचा. तिच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं. भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलं आणि एकही फोटो चढेना. दरवेळी तीच लाल ओळ: परवानगी नाही.

रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात म्हातारी माणसं फोटो घेऊन येऊन बसली, तसा तिला घाम फुटला. तिनं फोटोंचं फोल्डर सगळ्यांना खुलं करून टाकलं. पहिला फोटो झटक्यात चढला.

"काय केलंस गं?" शेजारच्या कोंडीबाआप्पांनी विचारलं. निवृत्त हवालदार, पलटणीच्या हत्यारांच्या कोठाराची किल्ली बारा वर्षं सांभाळलेले.

"आवं आप्पा, दार उघडलं. सगळ्यास्नी."

"सगळ्यास्नी? मग कुणीबी येऊन फोटू पुसंल की!"

दीपमाला चपापली. त्याच सर्व्हरवर इतरांची चार खाती होती. त्यातलं एक जरी कुणी फोडलं, तरी हे फोटो त्याच्या हातात.

"आमचं कोठार कवाच सगळ्यास्नी उघडं नसायचं," आप्पा म्हणाले. "काम ज्याचं, त्याच्याच नावावर. तुझ्यात काम करतंय कोण?"

"मीच की. फोल्डर माझ्याच नावावर हाय."

बोलली खरी, पण मनात चुकचुकलं. तिनं खुली परवानगी काढून घेतली आणि एका ओळीची स्क्रिप्ट लिहून सर्व्हरलाच विचारलं, तू कुणाच्या नावानं चालतोस?

उत्तरात तिचं नाव नव्हतं. होतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', लोकांना पानं दाखवणाऱ्या प्रोग्रामचं खातं.

हे नाव तिनं सर्व्हरच्या याद्यांमध्ये हजारदा पाहिलं होतं, कधी थांबून विचार केला नव्हता. याला पासवर्ड नाही, याला माणसासारखं लॉगिन करून आत येता येत नाही. तरी सहा वर्षं तिनं वेगवेगळ्या साइटसाठी लिहिलेलं प्रत्येक पान हाच लोकांपुढे मांडत आला होता. आणि मालकीण बनून तिनं त्याच्याच तोंडावर दार लावलं होतं! त्यानंही कधी कुलूप तोडलं नाही. नाही म्हटलं की तिथंच थांबला.

तिनं बाकी सगळा कोड स्वतःच्या नावावर ठेवला. फक्त फोटोंचं ते एक फोल्डर त्याच्या नावावर केलं.

"अंबूबाई, द्या तुमचा फोटो," व्हरांड्यात पुढंच बसलेल्या म्हातारीला ती म्हणाली.

अंबूबाईंच्या नवऱ्याचा तो एकुलता एक फोटो, कोपरे खाल्लेला. दीपमालानं तो मोबाइलवर टिपून पाठवला. लाल ओळ आली नाही. गणवेशातला तरुण पडद्यावर उभा राहिला.

थोड्या वेळानं त्याखाली लेहहून प्रतिक्रियेची ओळ उमटली. अंबूबाईंचा नातू वीरधवल तिथं तैनात होता. दीपमालानं मोठ्यानं वाचलं, "आजी, हे आजोबा व्हय? कान तर माझंच हायत!"

"व्हय रं बाबा," अंबूबाई मोबाइललाच म्हणाल्या, आणि त्यांनी पडद्यावरच्या कानावर बोट ठेवलं.